नानांची केबिन

नाना विमानाला गाडी म्हणत. पायलटला ड्रायव्हर, धावपट्टीला रोड. शेडच्या दारात उभं राहून ते ओरडायचे, "गाडी लागनी का रे?" नव्या माणसाला वाटायचं, ट्रक आला असेल. बाहेर बघावं तर दोन पंख्यांचं विमान उन्हात थरथरत उभं. एकदा एका तरुण पायलटने हे ऐकलं आणि मॅनेजर साहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी नानांना बोलावून समजावलं, की जबाबदारीच्या जागेवर आहात, योग्य शब्द वापरत जा. नानांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून ते 'हवाई गाडी' म्हणायला लागले. थोड्या दिवसांनी त्यातलं 'हवाई'ही गळून पडलं.

नानांचं गाव सोनगीर. आयुष्य मात्र गेलं धुळ्याला, हायवेवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये. ताडपत्र्या, दोर, हमालांची भांडणं, ट्रकवाल्यांशी हुज्जत. साठीला टेकले तेव्हा आमच्या भागातल्या एका छोट्या विमानतळावर मालाची ने-आण सांभाळण्याचं कंत्राट कुठल्याशा कंपनीने घेतलं. त्यांना माल कळणारा माणूस हवा होता. त्यांनी नानांना आणून इन्चार्ज म्हणून बसवलं. मी तिथे गेले तोवर ते चांगले मुरले होते.

मी धुळ्याची. सिव्हिल इंजिनिअर. मालाची शेड वाढवायचं काम ज्या ठेकेदाराकडे होतं, त्याच्या वतीने साइटवर मी होते. जुनी शेड म्हणजे तापलेला पत्रा, एक वजनकाटा आणि एक शटर. प्रवाशांच्या बॅगा भरून विमानाच्या पोटात जी जागा उरेल तेवढा माल जायचा. औषधं, बियाणं, ठिबकचे सुटे भाग, भरताची वांगी. आता केळी बाहेरदेशी पाठवायची ठरत होती, म्हणून मोठी शेड मंजूर झालेली. केळीसाठी थंड खोली, तपासणीचं यंत्र, ट्रक पाठीमागून लावता येतील असा उंच ओटा, आणि इन्चार्जसाठी रस्त्याच्या बाजूला खिडकी असलेली, एसीची केबिन. जुन्या शेडमध्ये काम चालू ठेवून तिच्या पोटाला लागूनच नवी उभी करायची होती. त्यामुळे नाना आणि मी दिवसभर एकमेकांच्या डोळ्यांसमोर.

मे महिन्यात, पत्र्याखाली डोकं भणभणत असताना, नाना पूर्ण बाह्यांचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून घालायचे आणि कानाला मफलर गुंडाळायचे. गाडीच्या आवाजाने कान जातात, असं त्यांचं म्हणणं. गाडी उडून गेली तरी मफलर सुटायचा नाही. कोणी नको ते बोलायला लागलं की नाना मफलरकडे बोट दाखवायचे. ऐकू येत नाही.

पार्सल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, "काय शे मझार?" आत काय आहे हे विचारणं नियमातच होतं. पण त्यांचा पुढचा प्रश्न कुठल्याच नियमात नव्हता. "कोनासाठे?" आणि गंमत म्हणजे लोक सांगायचे. एकदा एक अक्का हैदराबादच्या लेकीला वांगी पाठवायला आल्या. लेक गरोदर होती आणि तिला भरताचे डोहाळे लागले होते. नानांनी त्यांचा खोका उघडला, आतला वर्तमानपत्राचा कागद बघितला आणि सगळी वांगी बाहेर काढून टेबलावर मांडली. हमालाला पाठवून केळीची पानं मागवली. मग एकेक वांगं पानात गुंडाळून, देठाला देठ लागणार नाही अशा बेताने, नवीन खोका भरला. मागे रांग ताटकळलेली. एक सूटवाले गृहस्थ घड्याळ दाखवून बोलत होते. नानांनी त्यांना मफलर दाखवला.

दुपारी डबा उघडला की शेडमध्ये जो कोणी असेल त्याने एक घास घ्यायचाच. कळण्याची भाकरी आणि ठेचा. अॅसिडिटीचं कारण सांगणाऱ्या एका अधिकाऱ्याची फाइल नानांनी भाकरीच्या डब्याखाली ठेवली होती. शेवटी त्याने घास घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि दुसरा मागितला.

केळीची पहिली खेप जायची होती तेव्हाची गोष्ट. चोपड्याकडच्या एका भाऊंनी बागेतले घड निवडून, फण्या धुऊन-पुसून खोके भरून आणले होते. पाहुणे येणार होते, म्हणून शेडसमोर मंडप घातलेला. मंडपाखाली सोफे. खोके मात्र फोटोत यावेत म्हणून पुढे उघड्यावर, फीत बांधून. पाहुण्यांना उशीर झाला. ऊन चढत गेलं. चोपड्याचे भाऊ खोक्यांभोवती फिरत होते, आजारी माणसाच्या खाटेभोवती फिरावं तसे. नानांनी ते थोडा वेळ पाहिलं. मग त्यांनी हमालांना हाक मारली, मंडपाच्या दोऱ्या सोडवल्या आणि अख्खं कापड ओढून खोक्यांवर ताणून बांधलं. सोफे उघडे पडले.

कार्यक्रमाची जबाबदारी असलेला माणूस धावत आला. "नाना, अहो पाहुणे फाटकाशी आलेत!"

"पाहुना घर जाईसन पानी पिई," नाना म्हणाले. "केळं कोठे जाई?"

पाहुणे आले आणि उन्हात बसले. इतकी आटोपशीर भाषणं मी पुन्हा कधी ऐकली नाहीत. चोपड्याच्या भाऊंनी जाताना नानांचे हात धरले होते.

तेव्हा मी हसले होते. पण याच माणसाने पुढे माझी झोप उडवली.

एके दिवशी दुपारच्या विमानाने एक मुलगा आला. बोदवडकडचा. दक्षिणेतल्या कुठल्या शहरात कामाला होता, तिथे अपघातात गेला. लाकडी पेटीतून आला. मी जुन्या शेडमध्ये मापं घेत होते, त्यामुळे सगळं माझ्यासमोर घडलं. त्याच विमानाने कुरिअरची पोतीही आली होती. शटरसमोर गर्दी होती. एक व्यापारी आपला माल आधी मिळावा म्हणून मोठमोठ्याने बोलत होता. पेटी इतर मालासारखीच ढकलगाडीवरून आली आणि पोत्यांशेजारी उभी राहिली. नव्यानेच लागलेल्या एका हमालाने तिच्यावरचा नंबर वाचला आणि विचारलं, "हे कोणाचं आहे?"

गर्दीच्या मागे पांढरी टोपी घातलेल्या एका माणसाने हात वर केला. शाळेत हजेरी देताना करतात तसा.

नाना टेबलामागून उठले. त्यांनी कानाचा मफलर सोडला. मी त्यांना पहिल्यांदाच तसं पाहत होते. केस मागे चपटे बसलेले, कान एकदम लहान. त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

"आणि माझा माल?" व्यापारी म्हणाला.

"तुना माल उद्या बी मालच राही," नाना म्हणाले आणि त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं.

मग ते त्या टोपीवाल्या माणसाजवळ गेले. "दादा, पोऱ्यानं नाव काय?"

वडिलांनी नाव सांगितलं. नाना हमालांकडे वळले आणि म्हणाले, "नाव घीसन उचला." हमाल गोंधळले. मग त्यांच्यातला वयस्कर होता त्याने मुलाचं नाव घेतलं, "चल रे बापा, घरी चाल" म्हणाला आणि चौघांनी पेटी उचलली. ढकलगाडीवरून नाही, खांद्यावरून.

बाहेर मात्र नानांचा इलाज चालेना. नको म्हटलं असतानाही मुलाची आई आली होती. बायकांना बसायला जागाच नव्हती. त्या एका उभ्या ट्रकच्या सावलीत, चाकाशी टेकून बसल्या होत्या. पेटी आली आणि त्याच वेळी तो ट्रक निघाला. सावली गेली. आईने तोंडावर मारायला पाणी मागितलं. नळ शेडच्या आत, सुरक्षा तपासणीच्या पलीकडे. नाना आपली बाटली घेऊन आले आणि त्यांनी तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. अर्धं धुळीत सांडलं. मागे येणाऱ्या दुसऱ्या ट्रकचा भोंगा वाजत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना माझ्या साइट ऑफिसात आले. मफलर पुन्हा कानांवर.

"ताई, तुमना नकाशा दखाडा."

मी टेबलावर पसरला. त्यांनी बोट फिरवत फिरवत बघितला. "केळीसले खोली शे. यंत्रले शे. माले बी शे. कालना लोकेसले?"

मी त्यांना समजावलं. नकाशा मंजूर झालेला आहे. कालच्या लोकांसाठी खोली करायची तर रस्त्याकडे नवीन दार काढावं लागेल, म्हणजे सुरक्षेचा प्रश्न, वरून परवानगी लागते, महिनोन्‌महिने जातात, आणि तोवर काम थांबतं. मी अगदी नीट बोलत होते. नानांनी बोट उचलून मफलरवर ठेवलं.

त्यानंतर ते रोज यायचे. चहा घेऊन यायचे, नकाशासमोर बसायचे. मला काम सुचेना. एकदा मी विचारलं, "नाना, तुमच्या घरी असं काही झालं होतं का?" मला वाटलं होतं, काहीतरी जुनं दुखणं असेल, बोलले तर मोकळे होतील. नाना भडकले. "मना घरमा व्हई तव्हयच माले दिसाले पाहिजे का?" आणि चहा तसाच टाकून निघून गेले. दोन दिवस फिरकले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी मावसबहिणीच्या लग्नाला धुळ्याला गेले. परत आले तर केबिनची रस्त्याकडची भिंत वर चढली होती आणि तिच्यात खिडकी नव्हती. म्हणजे खिडकीची जागा होती, रुंदीही बरोबर होती, पण खिडकीखालच्या विटाच लावलेल्या नव्हत्या. भोक थेट जमिनीपर्यंत.

गवंडी म्हणाला, "नानांनी सांगितलं की. बाईंचा निरोप आहे म्हणाले."

मी शेडमध्ये गेले. सगळ्यांदेखत विचारलं, "नाना, माझ्या नावाने निरोप दिलात?"

"खिडकी मनी शे," नाना शांतपणे म्हणाले. "माले पायलोंग वारा पाहिजे."

पायांपर्यंत वारा, म्हणे. हमाल हसले. मला हसू आलं नाही. "सोमवारी सुरक्षेचे साहेब पाहणीला येतायत. त्यांनी हे पाहिलं तर माझी नोकरी आधी जाईल आणि तुमची मागून."

नानांनी हमालांना बाहेर पाठवलं. मग ते माझ्याशी शहरातल्या मराठीत बोलले. त्यांना ती येत असेल असं मला वाटलंच नव्हतं.

"ताई, मी खोटं बोललो, ते चुकलं. विटा लावायच्या तर लावा, मी आडवा येणार नाही. पण केबिन माझी आहे ना? मला नको. खोली आहे तेवढीच राहू द्या. रस्त्याकडे एक दार, शेडकडे एक दार, शेडकडची किल्ली सुरक्षावाल्यांकडे. नवीन काही बांधायचं नाही, फक्त मी तिथे बसायचं नाही. आजवर मी माल देत आलो. पोतं द्यायचं, सही घ्यायची, पुढचा. त्या दिवशी त्या माणसाला मी त्याचा मुलगा तसाच दिला. तसाच दिला हो."

एवढं बोलून ते वजनकाट्यावरची धूळ पुसायला लागले.

दुपारभर मी त्या भोकासमोर खुर्ची टाकून बसले. गवंडी थापी घेऊन वाट बघत होता. विटा लावायला त्याला कितीसा वेळ लागला असता? संध्याकाळी मी त्याला घरी पाठवलं आणि नकाशा नव्याने काढला. खिडकीचं दार केलं. केबिनच्या जागी 'प्रतीक्षा खोली' लिहिलं. नळ दाखवला, भिंतीला लागून दगडी ओटा दाखवला. ठेकेदाराला फोन केला. तो इतका ओरडला की मी फोन कानापासून लांब धरला. शेवटी म्हणाला, "बाई, नामंजूर झालं तर भिंत पाडायला मी येणार नाही. तुमचं तुम्ही निस्तरा." मी हो म्हटलं.

सोमवारी साहेब आले. बाहेरच्या राज्यातले, कमी बोलणारे. दोन्ही दारांच्या मधोमध उभे राहिले, शेडकडचं दार लावून बघितलं, उघडून बघितलं. मी सगळं सांगितलं. बोदवडच्या माणसाने हात वर केला होता, तेही सांगितलं. साहेबांनी नानांकडे बघितलं. "इन्चार्ज मग कुठे बसणार?"

नानांनी शटरजवळच्या टेबलाकडे बोट केलं.

"तिथे एसी नाही."

"माले मफलर लागस, साहेब. एसी काय करू?"

साहेब पहिल्यांदा हसले. मग त्यांनी अटी घातल्या. आतल्या दाराला लोखंडी जाळी, कुलूप त्यांच्या माणसाकडे. "दोन्ही दारं एका वेळी उघडी दिसली," ते मला म्हणाले, "तर मी स्वतः उभा राहून ही भिंत बांधून घेईन." परवानगीचा कागद यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत रोज ते भोक ताडपत्रीने झाकून मी घरी जायचे. शेवटी कागद आला.

नानांच्या कंपनीला मात्र हे आवडलं नाही. आपल्या इन्चार्जने परस्पर भिंतीत लुडबूड केली, असा त्यांनी ठपका ठेवला, आणि कंत्राटाचं वर्ष संपल्यावर त्यांना परत घेतलं नाही. मी कंपनीच्या माणसाशी भांडायला निघाले होते. नानांनीच मला अडवलं. "जाऊ द्या ताई. मनं वय व्हयनं." ते खरंही होतं. नवीन शेडमधला त्यांचा एक उन्हाळा त्या शटरपाशी, उडत्या धुळीत गेला होता, आणि शेवटी शेवटी त्यांना चार पावलं चालून धाप लागायची. आता ते सोनगीरला भाच्याच्या तांब्या-पितळेच्या दुकानात बसतात. मी मागे गेले तेव्हा हंडा घ्यायला आलेल्या एका नवऱ्या मुलाला हंडा कोणासाठी, मुलगी कुठली, तिच्या घरी विहीर आहे की नळ, असं विचारत होते. भाचा कपाळाला हात लावून बसला होता.

पण मला ते आठवतात ते खोली पहिल्यांदा उघडली त्या दिवशीचे. अजून ते नोकरीत होते. थंडीचे दिवस. चोपड्याच्या बाजूची एक म्हातारी आली होती, सोबत दोन पुतणे. तिचा नवरा मुलाकडे हैदराबादला उपचाराला गेला होता आणि तिथेच वारला. नानांनी आधीच खोली झाडून, पुसून घेतली होती. पेटी आतल्या दाराने आली, जाळीचं कुलूप लागलं, मग बाहेरचं दार उघडलं. पुतणे ओट्यावर बसले. म्हातारी ओट्यावर बसलीच नाही. ती खाली फरशीवर बसली, पेटीला पाठ टेकून, शेतातून थकून आल्यावर घरच्या भिंतीला टेकावं तशी. कोणी तिला ऊठ म्हणालं नाही. बाहेर ट्रक येत-जात होते. दार लोटलेलं होतं, त्यामुळे आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता.

बऱ्याच वेळाने तिने डोळ्यांना लावायला पाणी मागितलं आणि स्वतःच नळाकडे जायला म्हणून गुडघ्यावर हात ठेवून उठू लागली. तिला उठवेना. नळ उभ्या माणसाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर होता. मीच काढला होता, सगळीकडे काढतात तसा. नानांनी तांब्या भरून तिच्यापुढे ठेवला. तिने डोळे धुतले. मग ओल्या हाताने पेटीवरची प्रवासातली धूळ पुसायला लागली. एक कोपरा, मग दुसरा. पुतण्या पुढे झाला, तर तिने मानेनेच नको म्हटलं. सगळी पेटी पुसून झाल्यावर ती म्हणाली, "चला."

जाताना कोणी कोणाला 'येतो' म्हणालं नाही. नाना गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत दारात उभे होते.

दुसऱ्या दिवशी मी प्लंबरला घेऊन आले तेव्हा नाना आधीच त्या खोलीत होते. म्हातारी बसली होती तिथेच, फरशीवर मांडी घालून. मला बघून ते उठले नाहीत. त्यांनी भिंतीकडे हात लांब केला.

प्लंबरने तिथे नळासाठी पेन्सिलने खूण केली.

"आजून खाले," नाना म्हणाले.

त्याने खूण खाली घेतली. नानांनी हात पुन्हा लांब केला. खांदा न उचलता, थकलेला माणूस करील तसा. बोटं खुणेपर्यंत पोचली नाहीत.

"ताई, नवीन टाइल्स फुटतील," प्लंबर माझ्याकडे वळून म्हणाला.

"फुटू द्या," मी म्हटलं.